दट्ट्या आणि साचा

दिवाळीच्या आठवडाभर आधी आमच्याकडे माळ्यावरचा पितळी सोऱ्या खाली उतरतो. आईच्या वेळचा आहे. चिंच लावून घासला की अजूनही लखलखतो. चकती बदलली की त्याच सोऱ्यातून कधी चकली पडते, कधी शेव. आत काय भरले आहे आणि खाली कोणता साचा आहे, याची चौकशी दट्ट्या कधी करीत नाही. तो फक्त दाबतो. यंदा सोऱ्या हाती घेतला आणि मला अमेरिकेतले एक जुने यंत्र आठवले.

दोन वर्षांपूर्वी मी विस्कॉन्सिनमध्ये पुतण्याकडे राहायला गेलो होतो. शेजारचे वृद्ध गृहस्थ नुकतेच वारले होते. माझा पुतण्या हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ काढून देत असे. त्या ओळखीने त्यांच्या पत्नीने नवऱ्याच्या गॅरेजमधले एक बिडाचे अवजड यंत्र त्याच्या हवाली केले. पुतण्या मला म्हणाला, "काका, हे काय आहे ते तुम्हीच ओळखा. आजोबा काडतुसांच्या कारखान्यात होते ना!"

ते काडतुसे पुन्हा भरण्याचे यंत्र होते. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता घरच्या घरी पुन्हा भरण्याची रीत त्या देशात फार जुनी आहे. जॉन बार्लो नावाच्या माणसाने 1884 साली कनेक्टिकट राज्यात त्यासाठी हातात धरायची अवजारे काढली. दिसायला ती थेट आपल्या अडकित्त्यासारखी. पुढे टेबलाला पक्की बसवायची यंत्रे आली. जुने यंत्र ओळखायचे तर आधी सांगाडा पाहावा. एका बाजूने उघडा असेल तर तो इंग्रजी 'सी'सारखा दिसतो, चारी बाजूंनी बंद असेल तर 'ओ'सारखा. मग माथ्यावरचे आटे पाहावेत. सात-अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला 14 आटे असतील तर आजचे साचेही त्यात बसतात. आमचे यंत्र 'सी' जातीचे होते. गंज खरवडल्यावर ओतीव अक्षरे दिसली : पॅसिफिक. ही कंपनी मूळची सॅन फ्रान्सिस्कोची. पुढे ती नेब्रास्कातल्या लिंकनला गेली आणि 1971 साली हॉर्नेडी कंपनीने ती विकत घेतली.

वापर सांगायला सोपा आहे. बार उडाला की पुंगळी किंचित फुगते. ती दट्ट्यावर बसवून दांडा ओढला की साच्यात शिरून पूर्ववत होते, आणि साच्यातली सुई जळलेली टोपी खाली ढकलते. मग नवी टोपी, तोलून घेतलेली दारू आणि शेवटी गोळी. दारूचे माप 'ग्रेन'मध्ये, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंजेच्या जरा वर. चुकून दारू दुप्पट पडली तर बंदूक झाडणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. म्हणून या कामाला बसणारा माणूस गप्पा मारीत नाही.

त्यातही एक गंमत आहे. 1866 च्या सुमारास दोन प्रकारच्या टोप्या निघाल्या. एक इंग्रज अधिकारी बॉक्सर यांची, दुसरी अमेरिकन बर्डन यांची. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असते, त्यामुळे सुईने टोपी सहज निघते. बर्डनच्या पद्धतीत बाजूला दोन भोके असतात आणि तिथे ही सुई चालत नाही. पण इंग्रजाची टोपी रुजली अमेरिकेत आणि अमेरिकनाची युरोपात! आपली विद्या कोणाच्या दारी जाऊन नांदेल, हे कर्त्यालाही ठाऊक नसते.

गंमत इथे संपते आणि प्रश्न सुरू होतो. त्या गॅरेजमध्ये मला काटकसर दिसली, नेटकेपणा दिसला, धीर दिसला. डब्यांवर सुवाच्य अक्षरात तारखा होत्या. हे सारे सद्गुणच. पण ते ज्या वस्तूसाठी खर्ची पडले ती वस्तू जीव घेण्यासाठी असते. मग ते सद्गुण राहतात का?

हा प्रश्न मला परका नाही. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. हा कारखाना 1869 पासूनचा. आमची फी, बहिणीचे लग्न, हा सोऱ्यासुद्धा, सारे त्याच पगारातले. केसाइतका फरक असलेले काडतूस अण्णा बाजूला काढीत. कॉलेजात असताना, नव्या विचारांच्या भरात, मी त्यांना एकदा म्हणालो, "तुमची अचूकता म्हणजे कुणाचा तरी मृत्यू." ते रागावले नाहीत. जेवण अर्धे टाकून मात्र उठले. पुढे त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही.

'हत्यार निर्दोष असते, दोष हाताचा' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. ते हत्याराला लागू आहे, कारण हत्याराला मन नाही. पण कसबी माणूस म्हणजे दट्ट्या नव्हे. आपण काय दाबतो आहोत हे त्याला कळते, म्हणून 'मी फक्त माझे काम चोख केले' एवढ्याने त्याची सुटका होत नाही. उलट, गोळीला हात लावणारा प्रत्येक जण पापी ठरवावा, तर सीमेवरच्या जवानाच्या हाती न पेटणारे काडतूस देणे पुण्य ठरेल. तेही मनाला पटत नाही.

ते शेजारी वर्षातून एकदा हरणाच्या शिकारीला जात. आपली प्रत्येक गोळी कुठे गेली हे त्यांना ठाऊक असे. अण्णांच्या हाताखालून लाखो गेल्या, आणि एकही कुठे पोचली हे त्यांना कळले नाही. मला वाटते, फरक इथे आहे. जिथे फळ दिसते तिथे हात आपोआप जपून चालतो. जिथे दिसत नाही तिथे माणसाला ते मुद्दाम आठवावे लागते. सद्गुणाला डोळे नसतात, ते आपण द्यायचे असतात.

अण्णांनी ते दिले होते, हे मला उशिरा कळले. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "दरवर्षी पूजा करून आले की सांगायचे, आज मागणे मागितले : मी पास केलेली गोळी वेळेला पेटो, पण ती वेळ न येवो." दोन्ही मागणी एका श्वासात. माझ्या कॉलेजातल्या वाक्याचे उत्तर त्यांच्यापाशी तेव्हाही होते. मी ते विचारलेच नव्हते.

पुतण्याने ते यंत्र भंगारात दिले नाही आणि वापरलेही नाही. आम्ही दोघांनी त्याला तेलपाणी केले आणि त्या आजींच्या नातीला परत दिले. तिला आजोबांनी शिकारीला नेले होते. जाताना तिने ती तारखांची डबीही मागून घेतली. तेव्हा मला जरा बरे वाटले.