विकणाऱ्याने किती बोलावे?

2025च्या गणपतीत आमच्या घरात दोन पक्ष पडले. आरत्या एकत्र होत, मोदकही एकाच पंगतीत खाल्ले जात. पण मोटारीचा विषय निघाला की पाटावरच्या गजाननाने कान झाकून घ्यावेत अशी स्थिती होई. आमची नऊ वर्षांची लहान गाडी आता आईला सोसत नव्हती. तिचे गुडघे दुखतात, आणि त्या खुज्या गाडीतून उतरताना विहिरीतून वर यावे तशी ती दोन्ही हातांनी दार धरून वर येई. तेव्हा थोडी उंच, पण चिंचवडच्या गल्लीत वळेल अशी गाडी घ्यायची, इथवर एकमत होते. अशा गाडीला मुले 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात. मतभेद होता तो नवी की जुनी एवढ्यावरच. पत्नी आणि मुलगी नव्याच्या बाजूने, मी जुन्याच्या बाजूने, आणि आई ज्याच्या हातचा चहा त्याच्या बाजूने.

माझी बाजू पैशाची होती. मी दहावी झालो, चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि तेव्हापासून मुलांकडून आंबे, पेरू आणि सुरया काढून घेत आलो आहे. कादंबऱ्या लिहितो खरा, पण तीन कादंबऱ्यांचे मिळून जे मानधन आले त्यात चार टायर येतील, स्टेपनी येणार नाही. नव्या गाडीला दहा लाखांच्या वर मोजायचे. तीच चार वर्षांची घेतली तर सहा लाखांत भागते. विमा कंपन्यांचे कोष्टक तर निर्दयच आहे. त्यांच्या हिशेबी गाडी दुसऱ्या वर्षी वीस टक्क्यांनी उतरते, तिसऱ्या वर्षी तीस, आणि पाचव्या वर्षी तिची किंमत निम्मी होते. माणसाचेही असे कोष्टक कुणी छापले असते तर आम्हा शिक्षकांना शाळेच्या फाटकातही कुणी घेतले नसते.

आमच्या भागात राहून मोटारीचा विचार टाळता येत नाही. चाकणच्या रस्त्याला सकाळी उभे राहावे. नव्या कोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन ट्रेलर बाहेर पडत असतात आणि त्या बनवणारी पोरे त्यांच्याच शेजारून दुचाकीवर डबा लटकवून पाळीला जात असतात. या छोट्या-उंच गाड्यांचा कुळाचारही काही अंशी इथलाच. 2006 साली केंद्र सरकारने चार मीटरांहून आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर कमी केला, आणि कारखान्यांनी शिंप्याने कापड बेतावे तशा गाड्या त्या मापात बेतायला घेतल्या. 2009 साली आमच्या चिंचवडातच प्रीमियरने 'रिओ' नावाची अशी गाडी काढली. ती फारशी चालली नाही, पण कल्पना चालली. पुढे 2017 साली टाटांची 'नेक्सॉन' आली, रांजणगावच्या कारखान्यातून. पुढच्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिने पाच तारे मिळवले, आणि देशात बनलेल्या गाडीला ते प्रथमच मिळाले. 2021 साली चाकणहून 'कुशाक' आणि 'टायगुन' आल्या, चार मीटरांच्या किंचित पुढच्या. ही सगळी नावे मला मुलीने पाठ करून घेतली आहेत.

तर मी एक जुनी गाडी बघायला निगडीला गेलो. मालक निवृत्त गृहस्थ. बैठकीत समई, भिंतीवर ज्ञानेश्वर, चहाबरोबर चिवडा. गाडी पांढरी, स्वच्छ, चाळीस हजार किलोमीटर झालेली. सगळे मनासारखे होते; पण माझ्या धंद्याने माझ्या डोळ्यांना एक खोड लावली आहे. पांढरा हा एक रंग नाही. त्यात निळसर, पिवळसर, करडा अशी दहा कुळे असतात. कलत्या उन्हात मला दिसले की उजवीकडचा पुढचा पत्रा बाकीच्या गाडीच्या कुळातला नाही. बॉनेट उघडून पाहिले तर त्या बाजूच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला. मी विचारले तेव्हा गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हो, एकदा धडक बसली होती. पण तुम्ही विचारलं कुठं होतंत?"

घरी येईपर्यंत मी संतापाने धुमसत होतो. समईसमोर बसून माणूस इतका गप्प कसा राहू शकतो, यावर मी जेवताना एक व्याख्यानच दिले. पत्नी वाढत होती. ती एवढेच म्हणाली, "आपली गाडी विकताना आपण काय सांगणार आहोत?"

आता आमच्या गाडीची गोष्ट सांगितली पाहिजे. 2024च्या जुलैत पवनेला पूर आला. मोरया गोसावींच्या मंदिराला पुराची सवय आहे. आमच्या सोसायटीच्या वाहनतळाला ती नव्हती. रात्रभर गाडी पाण्यात होती, सीटच्या गादीपर्यंत. माझा विमा होता तो फक्त तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा; चार पैसे वाचवले होते, ते असे गेले. गॅरेजवाल्याने सीटा काढल्या, गालिचा उन्हात घातला, तेल बदलले, आणि गाडी सुरू झाली. वर्षभर तशी ती नीटच चालली. मात्र पुराचे पाणी गाडीतून कधी पूर्ण जात नाही. ते तारांच्या जोडांत शिरते, तांब्यावर हिरवा गंज चढवते, आणि दीड-दोन वर्षांनी भलत्याच दिवशी काच खाली येत नाही किंवा दिवा लागत नाही. कुठल्या तारेने काम सोडले हे शोधायला मेकॅनिक दिवस घेतो. आमची मागची डावी काच एव्हाना लहरीप्रमाणे चालू लागली होती.

निगडीहून आलो त्याच रात्री बाळूचा फोन आला. (नाव बदलले आहे.) बाळू माझा जुना विद्यार्थी, आता चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार. बायकोचे दिवस भरत आले होते, आणि दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती. "सर, तुमची गाडी विकताय असं कळलं. बाहेरच्याकडून घेण्यापेक्षा तुमच्याकडून घेतलेली बरी." रविवारी आला, गाडीला एक फेरी मारली, पावणेतीन लाख म्हणाला. ती किंमत पूर न पाहिलेल्या गाडीची होती. मी खरे सांगितले असते तर पावणेदोनच्या वर कुणी गेला नसता. बाळू म्हणाला, "मी काय बघणार सर, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे गाडी ठीकच असणार." आणि मी, निगडीच्या गृहस्थावर व्याख्यान देणारा मी, म्हणालो, "चहा घे."

त्या रात्री झोप आली नाही. आमच्या शाळेतले एक सहकारी रात्रीच्या कॉलेजात कायदा शिकले आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना आडवळणाने विचारले. त्यांनी 1872चा करार कायदा काढला आणि सतरावे कलम पुढे केले. नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे तिथे म्हटले आहे. त्याला दृष्टान्त दिले आहेत ते घोड्याचे. लिलावात कुणी घोडा विकला, तो सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलला नाही. ही फसवणूक नाही. मला हायसे वाटले. पण सहकाऱ्यांनी बोट खाली सरकवले. विकत घेणारी त्याचीच मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की तू नाकारले नाहीस तर घोडा निरोगी आहे असे मी समजेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच. बाळूचे वाक्य दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवले होते. सहकाऱ्यांना मी म्हणालो, "कादंबरीसाठी हवं होतं."

हा वाद कायद्याहूनही फार जुना. इसवी सनापूर्वी 44 साली रोमच्या सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात धान्याच्या व्यापाऱ्याचा प्रश्न आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, व्यापारी गलबतभर धान्य घेऊन पोहोचला आहे, आणि मागून आणखी गलबते येत आहेत हे एकट्या त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो की खोटे बोलू नये, कायदा सांगतो तेवढे दोष दाखवावेत, पुढचे न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो की घेणाऱ्याला अंधारात ठेवताच येणार नाही. सिसेरो शेवटी अँटिपेटरच्या बाजूला जातो. मला मात्र यात टोचली ती वेगळीच गोष्ट. डायोजिनीस हा गुरू होता आणि अँटिपेटर त्याचा शिष्य.

माझ्या मनाने माझी वकिली सोडली नव्हती. गाडी चालते आहे. एक लाखाची तूट मी का सोसावी? त्या लाखावर तर आमची नवी-जुनी ठरणार होती, आणि आई दार धरून वर येते आहे. शिवाय बाजारात सगळे गप्पच असतात. एकट्याने बोलून काय होणार? या शेवटच्या प्रश्नाला जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली उत्तर दिले, आणि 2001 साली त्याला नोबेल मिळाले. त्याचा प्रसिद्ध निबंध जुन्या मोटारींच्याच बाजारावर आहे. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि खराब गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो गाडी काढतच नाही. बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी उतरतो, त्याहून बऱ्या गाड्याही निघून जातात. म्हणजे निगडीच्या गृहस्थाचे मौन आणि माझे मौन मिळून आम्ही तिसऱ्याच कुणाच्या धडधाकट गाडीची किंमत पाडत होतो. आणि बोलणाऱ्याचे काय होते हेही आम्हाला ठाऊक आहे, कारण चाकणहून तळेगावला निघाले की वाटेत देहू लागते. त्या गावातल्या एका वाण्याने मिरच्या विकताना वजन गिऱ्हाइकांवरच सोडले अशी कथा सांगतात. त्याचे दुकान बुडाले, आणि उरलेली कर्जखतेही त्याने इंद्रायणीत सोडली. आम्ही त्याची पालखी खांद्यावर घेतो. त्याची दुकानदारी कुणी घेतलेली मी पाहिली नाही.

बुधवारी मी बाळूला फोन केला. पूर, गालिचा, हिरवा गंज, डावी काच, सगळे सांगितले. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. तो जेवणाच्या सुट्टीत होता. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी सांगायचं राहिलं का, सर?" मी हो म्हणालो. हे दुसरे खोटे. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. घरात विचारून कळवतो." कळवले नाही. मुलगी झाली तेव्हा त्याने पेढे पाठवले, भावाच्या हाती. पूर्वी तो स्वतः आला असता असे मला वाटते. कदाचित रात्रपाळी असेल.

गाडी शेवटी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला दिली. त्याला पूर सांगितला. तो मोबाईलवर बोलता बोलता "वास आलाच होता" म्हणाला, आणि त्याने एक लाख साठ हजार मोजले. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मांवर मी सह्या केल्या. त्या कागदांवर इंजिनाचा नंबर आहे, चासीचा आहे. पाण्याला तिथे रकाना नाही. घरी येताना माझ्या ध्यानात आले की मी खरे बोललो ते अशा माणसाजवळ, की ज्याला त्याचा काही उपयोग नव्हता, असलाच तर ते पुढे न सांगण्यातच होता. माझे हात धुतले गेले, पण पाणी गाडीतच राहिले.

आम्ही नवीच घेतली. 22 सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, पत्नीने दागिन्यांतले काही मोडले, उरलेल्याचे सात वर्षांचे हप्ते. अगदी साधे मॉडेल, पण आई पाय खाली टाकते आणि उभी राहते. लोक म्हणतात नवीन गाडीत माणूस चकाकीचे पैसे मोजतो. मला तसे वाटत नाही. मी ते चार लाख जास्तीचे मोजले ते कुणा माणसावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून, आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देऊन प्रश्न विचारावा लागू नये म्हणून. ही चैन आहे, आणि बाळूला ती परवडत नाही.

पाडव्याच्या दिवशी भोसरीत एका गल्लीत मला आमची जुनी गाडी दिसली. नंबर माझ्या ओळखीचा, डिकीवरचा ओरखडाही. तिला झेंडूचा हार घातला होता, चाकांखाली लिंबे ठेवली होती, आणि तिशीतला एक माणूस बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढत होता. शेजारी बायको, कडेवर मूल. मी बघत उभा राहिलो तसा त्याने पेढ्यांचा पुडा पुढे केला. "घ्या ना काका. आजच घेतली."

मी पेढा घेतला. मग म्हणालो, "गाडी छान आहे. फक्त एकदा मेकॅनिककडून सीटखालचा गालिचा उचलून तारा बघून घ्या. डावी मागची काच अडकते का तेही बघा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही मेकॅनिक का?"

"नाही," मी म्हणालो. "चित्रकलेचा मास्तर. ही गाडी माझी होती."

पेढा अजून माझ्या हातातच होता.