शस्त्रहतांची चतुर्दशी

भाद्रपद वद्य चतुर्दशीस, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, शस्त्राने वा अपघाताने मृत्यू पावलेल्यांचे श्राद्ध करावे, असा शास्त्रसंकेत आहे. मृत मनुष्य कोणाच्या बाजूने लढला आणि त्याचा पक्ष न्यायाचा होता की अन्यायाचा, हे ह्या तिथीस कोणी विचारीत नाही. असे का असावे, ह्याचा थोडा विचार करू.

आपल्या पांडेसऱ्यातील पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी खानदेशातून येथे आली. एक भाऊ कारखान्यात आणि दुसरा सैन्यात, अशी घरे आपणांस अपरिचित नाहीत. अशा घरी हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. ज्या कार्यावर श्रद्धा ठेवून मुलगा गेला ते कार्य खरे नसेल, तर त्याचे मरण व्यर्थ ठरते काय?

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतील इतर सर्वजण ठार वा जखमी झाले असता, त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर झडप घालून ते निकामी केले. तेथेच शत्रूच्या गोळीने ते पडले. वय अवघे २२ वर्षांचे. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावी त्यांचा पुतळा आहे. इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे.

त्याच काळात आझाद हिंद सेनेचे जवान ब्रिटिशांविरुद्ध लढत होते. त्यांच्यातील मृतांच्या स्मारकाचा पाया नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी सिंगापुरात घातला. ब्रिटिश परत येताच ते स्मारक पाडण्यात आले. पुढे १९९५ मध्ये त्या जागी स्मृतिफलक उभारण्यात आला.

एकाच मातृभूमीचे पुत्र, एक ब्रिटिशांच्या निशाणाखाली, दुसरा त्यांच्याविरुद्ध. दोघांची कार्ये एकाच तागडीत तोलता येणार नाहीत. स्वातंत्र्याच्या दृष्टीने पाहणारा एक उत्तर देईल, फॅसिस्टांच्या पराभवाच्या दृष्टीने पाहणारा दुसरे. परंतु दोघांच्या मातांच्या दारी शोक एकच होता.

येथे भीष्माचार्यांचे उदाहरण मार्गदर्शक आहे. दुर्योधनाचा पक्ष अधर्माचा आहे हे ते जाणत होते. युद्धारंभी आशीर्वाद मागावयास आलेल्या युधिष्ठिरास त्यांनी विजय चिंतिला आणि आपण कौरवांच्या धनाने बांधले गेलो आहोत अशी कबुली दिली. तरीही माघ शुद्ध अष्टमीस त्या निपुत्रिक वीरास आपण आजही जलांजली देतो. भीष्मांचे तर्पण करणारा मनुष्य दुर्योधनाची बाजू घेत नाही. आणि तर्पण केले म्हणून भीष्मांचा दोषही पुसला जात नाही. द्यूतसभेतील त्यांचे मौन महाभारताने लपविलेले नाही.

ह्यावरून मला असे वाटते की, मृतास मान देणे आणि युद्धाचा न्याय करणे ही दोन भिन्न कर्तव्ये आहेत. मान हा त्याने दिलेल्या प्राणांचा आहे. न्याय त्या युद्धाचा, आणि तो विशेषतः सैनिकास रणांगणी धाडणाऱ्यांचा करावयाचा असतो. मृतांचा गौरव पुढे करून युद्धाविषयीचा प्रश्न दडपणे हा एक अपराध. युद्ध अन्यायाचे म्हणून मृतास विसरणे हा दुसरा. अर्जुनाने शंका शस्त्र चालविण्यापूर्वी विचारली, आणि भगवंतांनी ती अधर्म मानली नाही. धाडणाऱ्यांनी तरी ती प्रथम स्वतःस विचारावी.

येत्या चतुर्दशीस आपल्या पितरांना जल दिल्यावर एक अंजली अशा अज्ञात शस्त्रहतासाठी द्यावी, ज्याच्यामागे पाणी देणारे कोणी उरले नाही. आणि ज्या घरचा मुलगा परतला नाही, त्या घरी त्या दिवशी जाऊन थोडा वेळ बसावे. त्या माउलीस आपले तत्त्वज्ञान नको असते. तिच्या मुलाचे नाव कोणीतरी उच्चारलेले तिला हवे असते.