रोग्याचें गुपित कोणाचें?

न्यायाधीशापुढें साक्षीदार शपथेच्या धाकानें बोलतो. वैद्यापुढें रोगी आपण होऊन बोलतो, आणि जें त्यानें सख्ख्या भावालाहि सांगितलेलें नसतें तें सांगतो. ह्या सांगितलेल्या गोष्टीवर मालकी कोणाची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत शिष्याला दीक्षा देतांना गुरूनें जे नियम सांगावयाचे, त्यांत रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर फोडूं नयेत असा एक नियम आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंतहि असेंच बंधन आढळतें. दोन दूरच्या परंपरा एकाच निर्णयास आल्या याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. गुप्ततेची खात्री नसेल तर रोगी लक्षणें लपवितो. लक्षणें लपलीं म्हणजे निदान चुकतें. आणि रोग सांसर्गिक असेल तर त्या चुकीचें फळ एकट्या रोग्यालाच भोगावें लागतें असें नाहीं. तेव्हां गुप्तता ही रोग्यावर केलेली मेहेरबानी नसून चिकित्सेचें एक साधनच आहे.

आतां आमच्या समाजाकडे वळूं. येथें गुपित फुटतें तें बहुधा द्वेषानें नव्हे, आस्थेनें. बाहेरच्या बाकावर दहा माणसें बसलेलीं असतांना कंपाउंडर मोठ्यानें विचारतो, "क्षयाच्या गोळ्या संपल्या का?" तपासणी सुनेची होते, पण निकाल प्रथम सासूच्या कानावर जातो. म्हाताऱ्या वडिलांना कर्करोग झाल्याचें मुलाला, जांवयाला, फार काय शेजाऱ्यालाहि ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें फक्त वडिलांना. सर्वांचा हेतु चांगला. परंतु ज्याचें शरीर तोच त्या शरीराच्या बातमीला परका होतो.

कोणी म्हणतील, आमच्याकडे माणूस एकटा नसतो, कुटुंबाचा असतो. औषधाचे पैसे कुटुंब देतें, रात्रीं उशाशीं कुटुंब जागतें. हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. आयुष्य थोडें उरल्याचें वैद्याला कळलें, तरी जेथें तें बोलल्यानें रोग्यास किंवा दुसऱ्यास इजा पोंचेल तेथें बोलूं नये, असें चरकसंहितेंतहि म्हटलें आहे. परंतु सेवा केल्यानें गुपिताची मालकी मिळत नाहीं. "घरीं कोणाला सांगूं?" एवढाच प्रश्न डॉक्टरनें रोग्याला विचारावा; बहुतेक रोगी मुलाचें किंवा पत्नीचें नांव आपण होऊन घेतील. ज्याला स्वतः ऐकावयाचें नसेल, तोहि तसें सांगूं शकेल. ह्यांत कुटुंबाचें कांहीं जात नाहीं, आणि रोग्याचा मान राहतो.

मग ही मालकी निरपवाद आहे काय? नाहीं. एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या एका गृहस्थाचें प्रकरण १९९८ मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. रुग्णालयानें गोष्ट उघड केल्यामुळें ठरलेलें लग्न मोडलें, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयानें रुग्णालयास दोषी धरलें नाहीं. नियोजित वधूच्या जीविताचा हक्क त्यानें वरचढ मानला. पुढें २०१७ च्या कायद्यानें ही वाट नीट आंखून दिली. जोडीदाराला खराखुरा धोका असावा. समजूत घालूनहि रोगी स्वतः सांगणार नाहीं अशी डॉक्टरची खात्री व्हावी. आणि आपण सांगणार आहोंत हें त्यानें रोग्याला आधीं कळवावें. मगच जोडीदाराला, तेंहि समक्ष, सांगावें. आधीं कळविण्याची अट आम्हांस विशेष मोलाची वाटते. गुपित उघड करणें भाग पडलें तरी तें रोग्याच्या पाठीमागें होऊं नये. आणि ज्याला धोका आहे त्याच्यापलीकडे तें जाऊं नये. क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणें २०१२ पासून डॉक्टरांस बंधनकारक आहे, तें लोकहिताचेंच आहे. पण सरकारदप्तरीं नोंद झाली म्हणून ओट्यावर चर्चा करण्यास परवानगी मिळाली असें कोणी समजूं नये.

कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत येतो. आपल्या माजघरांत त्याचा फारसा शिरकाव होत नाहीं. तेथें हा धर्म आपला आपणच पाळावा लागेल. आजाऱ्याला भेटून निघालेला पाहुणा उंबऱ्याशीं थांबून हळूच विचारतो, "खरें काय झालें आहे हो त्यांना?" त्या वेळीं "तें त्यांनाच विचारा" असें म्हणतांना थोडा संकोच वाटेल खरा, पण तेवढा संकोच सोसणें हेंहि शुश्रूषेचेंच एक अंग आहे.