उसन्या ज्ञानाचे न्यायासन

२८ जुलै २०२५ च्या सायंकाळी मुर्री येथे एका कुटुंबात बसून मी बुद्धिबळाचा सामना पाहिला. जॉर्जियातील बाटुमी शहरी महिला विश्वचषकाची अंतिम लढत चालू होती. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्रची अनुभवी कोनेरू हंपी समोरासमोर होत्या. आधीचे दोन डाव बरोबरीत सुटल्याने आता जलद डाव खेळले जात होते. मोबाईलवर पटाच्या कडेला एक उभी पट्टी होती. कोणाची बाजू वरचढ, हे संगणक तिच्यावर क्षणोक्षणी दाखवीत होता.

हंपीजवळ वेळ थोडा उरला होता. तिने एक खेळी केली आणि पट्टी घसरली. घरातला दहावीचा मुलगा उद्गारला, "फादर, एवढं साधं हिला दिसलं नाही?" मीही मान डोलावली. ती खेळी का चुकली, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता आले नसते.

यंत्राने माणसाला हरविल्याचे नवल आता जुने झाले. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या 'डीप ब्लू'ने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी नमविले. त्यातील दुसरा डाव मात्र विचार करावा असा आहे. कास्पारोव्हने हार मान्य केली; डाव बरोबरीत सोडविता आला असता, हे नंतरच्या विश्लेषणात आढळले. यंत्राला सर्व दिसत असणार, ही समजूतच त्याला भारी पडली असावी.

तो निदान स्वतः खेळत होता. आपण उसन्या ज्ञानावर न्यायासन मांडून बसतो. यंत्र हंपीला तुच्छ लेखीत नाही, ते केवळ आकडा देते. तुच्छता आपण पदरची घालतो. तीही २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेल्या स्त्रीबद्दल! (इतरांचे पापनिवेदन ऐकणाऱ्याला स्वतःचा हा दोष ओळखण्यास रात्र उलटावी लागली, हे नमूद करतो.)

दिव्या जिंकली आणि आईला बिलगून रडली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वहीत उतरवून घेतलेली स्थिती आम्ही लाकडी पटावर मांडली. मोबाईल फडताळात ठेवला. हंपीची बाजू मी घेतली. सहाव्या खेळीला माझे प्यादे फुकट गेले. तो काहीच बोलला नाही.