स्वप्नातली कॉपी

स्वप्नात केलेल्या गुन्ह्याला जबाबदार कोण, हा प्रश्न एखाद्या तत्त्ववेत्त्यानं मला विचारला असता, तर "चार नंबरच्या काउंटरला विचारा" असं सांगून मी मोकळा झालो असतो. बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की कुठलाही प्रश्न शेजारच्या काउंटरला ढकलायची कला अंगी येते. पण हा प्रश्न मला विचारला माझ्या भाच्यानं, पहाटे साडेचार वाजता, घामाघूम होऊन, माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी उभं राहून. आणि घरात दुसरं काउंटर नव्हतं.

साल २०२०. भाचा टी.वाय.बी.कॉम.ला होता. बहीण आणि मेहुणे धडगावला. तिकडे सातपुड्यात मोबाईलला रेंज हवी असेल तर मुलांनी टेकडी चढायची, आणि अभ्यास तर सगळा मोबाईलवर आलेला. म्हणून तो नंदुरबारला आमच्याकडे राहिला होता. टाळेबंदीत सगळ्यांचंच वेळापत्रक विस्कटलं होतं, पण या मुलांचं तर पार धिरडं झालं होतं. परीक्षा होणार की नाही, हेच ठरेना. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं, शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची नाही. भाच्यानं पुस्तकं माळ्यावर टाकली. ६ जुलैला यूजीसी म्हणाली, घ्यायचीच. पुस्तकं खाली आली. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. २८ ऑगस्टला कोर्ट म्हणालं, हवी तर पुढे ढकला, पण परीक्षेशिवाय पदवी नाही. या मधल्या काळात पोरगं रात्री तीनला झोपायचं आणि पहाटे किंचाळत उठायचं.

स्वप्न रोज एकच. परीक्षेचा हॉल. याच्या खिशातून एक चिठ्ठी पडते. ती यानं लिहिलेली नसते, पण अक्षर याचंच असतं. तेवढ्यात भरारी पथक येतं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे कोण आहेत तेही कळत नाही. हा पळायला बघतो, तर पाय हलत नाहीत.

"मामा, मी जन्मात कधी कॉपी केलेली नाही," तो म्हणाला, "मग रोज मलाच का धरतात?"

आवाजानं आई जागी झाली. "काय व्हयनं रे?" म्हणत आली आणि सगळं ऐकून तिनं निकाल दिला की पोराला दृष्ट लागली आहे. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही तर दृष्ट होती असं समजायचं, असा शास्त्रार्थ आहे. हा शास्त्रार्थ ज्यानं लिहिला तो नंदुरबारला कधी आला नसावा. मोसमात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर जिकडे तिकडे मिरचीच वाळत असते, आणि तो वास घेत आम्ही लहानाचे मोठे झालो. पाच मिरच्यांनी इथे कुणाला ठसका येणार? दृष्ट सिद्ध झाली. मग आईनं त्याच्या उशाखाली अडकित्ता ठेवला. दुसऱ्या दिवशी पथकाला याच्या खिशात चिठ्ठीबरोबर अडकित्ताही सापडला.

तेव्हा मी केस हातात घेतली. पदवीधर मामा असण्याचा काही उपयोग हवा. मी त्याला सांगितलं की पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपण म्हणतो, त्याचं कारण साधं आहे. स्वप्नाळू झोपेचे टप्पे रात्र सरत जाते तसे लांबत जातात, आणि त्यातून मध्येच जाग आली की स्वप्न ध्यानात राहतं. ही डोळे हलणारी झोप १९५३ साली शिकागोत जगापुढे मांडली गेली, आणि ती हुडकली कुणी, तर असेरिन्स्की नावाच्या एका विद्यार्थ्यानं, आपल्याच मुलाला रात्र रात्र प्रयोगशाळेत झोपवून. त्या झोपेत डोकं पूर्ण वेगानं चालू असतं आणि हातापायांचे स्नायू मात्र सैल सोडलेले असतात. "म्हणजे व्हाउचर तयार आहे, पण त्यावर पासिंग ऑफिसरची सही नाही," मी म्हटलं. "असल्या व्हाउचरवर बँक पैसे देत नाही. स्वप्नात चोरी केलीस, खून केलास, तरी खात्याला लागत नाही. ते सगळं उचंत खात्यात टाकायचं." कॉमर्सच्या विद्यार्थ्याला उचंत खातं म्हणजे सस्पेन्स अकाउंट हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: हिशेब जुळेना आणि फरक कुठला तेही कळेना, की तो फरक तूर्त ज्या खात्यात ढकलून आपण घरी जातो, ते खातं.

"मग हरिश्चंद्राचं काय?" भाचा म्हणाला.

हरिश्चंद्र मी विसरलो होतो. त्या भल्या माणसानं स्वप्नात राज्य दान केलं आणि सकाळी विश्वामित्र दारात आल्यावर "अहो, ती नोंद उचंत खात्यात आहे" असं म्हटलं नाही. सरळ चाव्या दिल्या. मी म्हटलं, "तो राजा होता. त्याला परवडलं."

"कुठं परवडलं, मामा? बायको विकावी लागली."

"मी ऐकतेय," सौ. आतून म्हणाली.

मी विषय परदेशी नेला. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनला हाच पेच पडला होता. जागेपणी जे मी करणार नाही ते झोपेत करतो, मग झोपेत मी तो मी नव्हेच की काय? एवढा मोठा संत, पण देवापुढे हा प्रश्न मांडून मोकळा झाला. म्हणजे काउंटर त्यानंही बदललंच. तेव्हा मी पोराला धीर येईल अशी शेवटची चीज काढली. पॅरिसच्या संशोधकांनी मेडिकल प्रवेशपरीक्षेला बसलेल्या ७१९ मुलांना विचारलं आणि २०१४ साली ते प्रसिद्ध केलं. त्यातल्या ६०.४ टक्के मुलांना आदल्या रात्री परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं. त्या स्वप्नांतल्या ७८ टक्क्यांत काहीतरी घोटाळा होता, उशीर झाला, उत्तर आठवेना, असा. आणि ज्यांना ही स्वप्नं पडली त्यांचे मार्क सरासरीनं थोडे बरे आले. घाबरणं हीसुद्धा एक रंगीत तालीमच. भाच्याचा चेहरा जरा उजळला. तो झोपला, आणि त्या रात्री किंचाळला नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

परीक्षा ऑक्टोबरात झाली, घरी, मोबाईलवर, पर्यायांवर टिचकी मारायची. रेंज खिडकीजवळ होती म्हणून हा खिडकीत बसला. ऑडिटिंगचा पेपर. मी चहा घेऊन गेलो आणि सवयीनं मागून डोकावलो. ग्राहकाच्या फॉर्ममध्ये डोकावण्यात माझा जन्म गेला. प्रश्न होता: एखादा व्यवहार पुस्तकात नोंदवायचाच राहून गेला, तर तेरीज जुळेल की नाही? याचं बोट दोन पर्यायांच्या मध्ये लोंबकळत होतं. वरच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते.

"जुळेल," मी म्हणालो.

म्हणालो म्हणजे काय, तोंडातून निघालं. त्यानं टिचकी मारली. पेपर संपेपर्यंत तो बोलला नाही, चहाही घेतला नाही. संपल्यावर म्हणाला, "मला येत होतं ते."

"मग प्रश्नच मिटला."

"मिटला कुठं? मी तेच दाबणार होतो की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही."

मी त्याला पुष्कळ समजावलं. एक मार्क. उत्तर बरोबर. घरोघर त्या दिवशी अख्खी पुस्तकं मांडीवर उघडी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तो "हो मामा" म्हणाला. "हो मामा" या शब्दांचा अर्थ मामा असलेल्यांना वेगळा सांगायला नको.

आता खरी गोष्ट माझी. त्या रात्रीपासून मी स्वप्नाची वाट बघू लागलो. मला वाटलं, आता पथक माझ्याकडे येणार. कारण स्वप्नं मलाही पडतात, गेली पंचवीस वर्षं. मी एस.वाय.बी.कॉम.च्या अकाउंट्सच्या पेपरला बसलोय आणि ताळेबंद तीन रुपयांनी जुळत नाही. तेव्हा नुकताच, १ जुलै १९९८ ला, धुळ्यातून आमचा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला होता. एफ.वाय. मी धुळे जिल्ह्यात केलं आणि त्याच बाकावर बसून एस.वाय. नंदुरबार जिल्ह्यात. स्वप्नात सुपरवायझर म्हणतो, तुमचं केंद्र धुळे, उठा. या पेपरात मला प्रत्यक्षात एकाहत्तर मार्क होते, माझे स्वतःचे. फ्रॉइडनं हे लिहून ठेवलं आहे. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक निघालं नोव्हेंबर १८९९ ला आणि त्यावर साल छापलं १९००, आमच्या भाषेत पोस्ट-डेटेड. त्यात तो म्हणतो, परीक्षेची भयंकर स्वप्नं पडतात ती पास झालेल्या परीक्षांची. तो स्वतः न्यायवैद्यकात नापास झाला होता, ती परीक्षा त्याच्या स्वप्नात कधी आली नाही. यायचं ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र, सगळं पास झालेलं.

तसंच झालं. तीन रुपयांचा ताळेबंद आला, खिडकी आली नाही. आठवडा गेला, महिना गेला, "जुळेल" हा शब्द माझ्या झोपेत एकदाही उमटला नाही. मन स्वच्छ असलं की शांत झोप लागते असं लहानपणी पाठ केलेलं. हे कुणी सांगितलं, त्यानं कर्जवसुली केलेली नसावी. कर्ज बुडवणारा एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरतो, हे मी अनुभवलंय. रात्रभर जागतो तो जामीनदार. झोपेचं कोर्टच असं असेल, की न केलेल्याची रोज तारीख आणि केलेल्याची फाईलच गहाळ, तर भाच्याला मी जे धीराचे चार शब्द सांगितले होते ते निम्मेच होते. स्वप्नातलं खात्याला लागत नाही, हे मी पटवून दिलं. जागेपणीचं लागतं, हे सांगायचं राहून गेलं. आणि नोंद राहून गेली तरी तेरीज जुळते, हे तर मीच त्याला खिडकीत सांगितलेलं.

भाचा चांगल्या मार्कांनी पास झाला. तो एक मार्क काढून टाकला तरी काही बिघडलं नसतं. आता तो नाशिकला एका सी.ए.कडे ऑडिटचं काम करतो आणि लोकांच्या वह्यांत राहून गेलेल्या नोंदी शोधतो. गेल्या दिवाळीत आला होता. फराळ झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, ते पथकाचं स्वप्न पडतं का अजून?"

"पडतं कधी कधी. ताण असला की. पण आता थोडं बदललंय. हॉल नसतो, आपली खिडकी असते. पथक येतं, चिठ्ठी सापडते, माझं नाव लिहून घेतात. तुम्हीही असता त्यात."

"मी? मग मी त्यांना काही सांगत नाही?"

"नाही मामा. तुम्ही चहा घेऊन मागे उभे असता."

तेवढ्यात सौ.नं दोन कप आणून आमच्यामध्ये ठेवले. त्यानं त्याचा उचलला.