सांगायचे कुणाला?

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

आपल्याकडे कुणाची अँजिओप्लास्टी झाली की दुसऱ्या दिवशी आळीभर कळते. लोक शहाळी घेऊन भेटायला जातात, मिस्सात त्याच्यासाठी प्रार्थना होते. त्याच माणसाला एचआयव्ही असेल, तर त्या गोळ्यांची बाटली मात्र तांदळाच्या डब्यात लपलेली असते.

हे दोन आजार आता एकमेकांत गुंतले आहेत. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकार एआरटीची औषधे मोफत देऊ लागले. नियमित गोळ्या घेणारे आज साठी गाठतात. पण विषाणू दबला तरी शरीरात दाह धुमसत राहतो आणि रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते. हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होतो. (म्हणून कुणी गोळ्या सोडू नयेत! औषधे मधूनमधून बंद ठेवून पाहणारी एक मोठी चाचणी २००६ साली थांबवावी लागली. बंद ठेवणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार दोन्ही जास्त आढळले.) उपायही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह बारा देशांतील ७,७६९ जणांच्या चाचणीत पिटाव्हास्टॅटिनच्या रोजच्या गोळीने हा धोका ३५ टक्क्यांनी घटला. मात्र सिम्व्हास्टॅटिनसारखी गोळी एचआयव्हीच्या काही औषधांबरोबर घातक ठरते. डॉक्टरांना माहीतच नसेल, तर ते तीच लिहून देतील.

मग गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे का?

संत थॉमस अक्विनास यांच्या मते खोटे बोलणे कधीच योग्य नसते. सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे मात्र योग्य असू शकते. सेमिनरीत हा भेद मी परीक्षेपुरता पाठ केला होता. खरा प्रश्न आहे, विचारणारा कोण? डॉक्टर बरे करण्यासाठी विचारतो. पती किंवा पत्नीच्या तर स्वतःच्या जिवाचा प्रश्न असतो. शेजारी बहुधा गप्पांना विषय हवा म्हणून विचारतो. २०१७ च्या कायद्यानेही रुग्णाची ही माहिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास एरवी मनाई केली आहे.

डॉक्टरांपासून लपवणारा स्वतःचा जीव धोक्यात घालतो, हे मी त्याला स्पष्ट सांगेन. पण तो ज्यांना घाबरतो, ते रविवारी माझ्यासमोरच्या बाकांवर बसतात. शहाळी नेताना आपण कधी विचारतो का, 'हे कसे जडले?' तंबाखू, तळलेले मासे, रात्रीची बैठक, सारे आपण पोटात घालतो.

समजा, अशा एका गृहस्थाने उद्या आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला सगळे सांगितले आणि मेहुणीला काहीच सांगितले नाही. मेहुणीला सांगायला तो बांधील आहे, असे मला वाटत नाही.

आपला,
फादर