प्रतिशब्दाचे उत्तरदायित्व

एका परिभाषेतील शब्दापुढे दुसऱ्या परिभाषेतील शब्द लिहून मधे बाण काढणे ही कृती वरकरणी कारकुनी स्वरूपाची वाटते. कोशकार, अनुवादक आणि ग्रंथपाल ती नित्य करीत असतात. तथापि असा प्रत्येक बाण हे एक विधान असते, आणि विधानाला कोणीतरी उत्तरदायी असावे लागते. मग जे विधान एकदाच केले जाते आणि लाखो ठिकाणी आपोआप लागू होते, त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते? भाषांतराच्या अभ्यासकाला परिचित असलेला हा प्रश्न आज विशेष टोकदार स्वरूपात भेटतो तो प्रथिनांच्या माहितीकोशांत. आणि त्यातही रोगप्रतिकारशास्त्राच्या संज्ञांच्या संदर्भात.

आधी वस्तुस्थिती पाहू. आमोस बायरोख यांनी १९८६ साली जिनीव्हा येथे स्विस-प्रॉट हा प्रथिनकोश सुरू केला. २००२ पासून तो युनिप्रॉट या व्यापक प्रकल्पाचा भाग आहे. त्यातील नोंदींना संपादक काही ठरावीक कीवर्ड, म्हणजे सूचकशब्द, जोडतात. असे सूचकशब्द सुमारे १,२०० आहेत. दुसरीकडे १९९८ मध्ये फळमाशी, उंदीर आणि यीस्ट या जीवांचे माहितीकोश चालविणाऱ्यांनी एकत्र येऊन जीन ऑन्टॉलॉजी ही प्रमाणित संज्ञाव्यवस्था उभारली. आण्विक कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीय घटक अशा तीन शाखांत विभागलेल्या या व्यवस्थेत आज सुमारे ४०,००० संज्ञा आहेत. प्रत्येकीला व्याख्या आहे, पूर्वज आहेत, आणि जे अपत्य-संज्ञेबाबत खरे ते तिच्या सर्व पूर्वजांबाबतही खरे असले पाहिजे असा नियम आहे. सूचकशब्द आणि या संज्ञा यांची सांगड घालणारा एक तक्ता आहे. त्याच्या आधारे संगणक कोट्यवधी प्रथिनांना जीन ऑन्टॉलॉजीच्या संज्ञा बहाल करतो.

सूचकशब्द आणि संज्ञा यांच्या भाषिक कार्यात मूलभूत भेद आहे. सूचकशब्द वाचकाला सांगतो, 'हे प्रथिन या शीर्षकाखाली शोधावे.' संज्ञा म्हणते, 'हे प्रथिन असे करते.' पहिली खूण आहे, दुसरे प्रतिपादन. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील अन्य चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ठरते. बाराशे शब्दांच्या यादीतील शब्दाचे मूल्य आणि चाळीस हजार संज्ञांच्या वंशवृक्षातील संज्ञेचे मूल्य एक असू शकत नाही. बाण काढणारा खुणेचे प्रतिपादनात रूपांतर करतो. नैतिक प्रश्नाचा उगम या रूपांतरात आहे.

'इम्युनोग्लोब्युलिन डोमेन' हा सूचकशब्द घ्यावा. प्रथिनाच्या घडीचा हा विशिष्ट आकार प्रथम प्रतिपिंडांत ओळखला गेला, म्हणून त्याला प्रतिपिंडांचे नाव मिळाले. पण स्नायूंना लवचीकपणा देणाऱ्या टायटिन या प्रचंड प्रथिनात असे शंभराहून अधिक डोमेन आहेत, आणि त्यांचा रोगप्रतिकाराशी संबंध नाही. नावात कार्य दिसते, पण तेथे असतो तो केवळ शोधाचा इतिहास. नामसाधर्म्यावर भरवसा ठेवून कोणी या शब्दापुढून रोगप्रतिकाराकडे बाण काढला असता, तर स्नायूचा तंतू एका क्षणात शरीराचा सैनिक ठरला असता. तक्त्यात तसा बाण नाही, हे तो करणाऱ्यांच्या विवेकाचे लक्षण होय.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. रक्तद्रवातील जो घटक प्रतिपिंडांच्या कार्याला पूरक ठरतो त्याला पाउल एर्लिख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'कॉम्प्लिमेंट' हे नाव दिले. ही यंत्रणा अनेक मार्गांनी कार्यान्वित होते. प्रतिपिंडांपासून सुरू होणारा मार्ग आधी सापडला म्हणून तो 'क्लासिकल', म्हणजे अभिजात. प्रतिपिंडांवाचून चालणारा नंतर सापडला म्हणून 'पर्यायी'. उत्क्रांतीच्या दृष्टीने मात्र पर्यायी मार्गच अधिक प्राचीन मानला जातो. सांगड घालणाऱ्या तक्त्यात दीर्घकाळ 'कॉम्प्लिमेंट मार्ग' या कोणतेही विशेषण नसलेल्या सूचकशब्दापुढे अभिजात मार्गाची संज्ञा होती, तर पर्यायी मार्गाला स्वतंत्र, विशेषणयुक्त सूचकशब्द होता. विशेषणरहित शब्द अभिजाताच्या बाजूने वाचला जाणे हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. 'साहित्य' म्हटले की जे प्रतिष्ठित तेच गृहीत धरायचे, आणि बाकीच्यांना 'ग्रामीण', 'दलित', 'स्त्रीवादी' अशी विशेषणे लावायची, हीच ती रीत. तक्ता करणाऱ्यांचा तसा हेतू असण्याचे कारण नाही. परंतु निर्हेतुकपणे केलेले वर्चस्वाचे विधानही विधानच असते.

तिसरी अडचण खुद्द लक्ष्य-संज्ञेची आहे. 'इम्युनिस' हा मूळ लॅटिन शब्द कायद्याचा. त्याचा अर्थ सार्वजनिक कर्तव्यातून वा करभारातून मुक्त. युद्धाचे रूपक त्यावर नंतर चढले. मराठीत आपण 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो तेव्हा रोग, प्रतिकार आणि शक्ती हे तिन्ही एका समासात बांधून तेच रूपक घट्ट करतो. जीन ऑन्टॉलॉजीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत 'प्रतिकार-प्रतिसाद' ही संज्ञा 'संरक्षण-प्रतिसाद' या संज्ञेचे अपत्य होती. पण बर्नेट आणि मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रतिकारसंस्थेच्या सहिष्णुतेसंबंधीच्या कार्यासाठी! जी संस्था सहन करायलाही शिकते तिचे प्रत्येक कार्य संरक्षणात कसे बसवायचे? २००६ च्या सुमारास हा विभाग रोगप्रतिकारशास्त्राच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने नव्याने बांधण्यात आला आणि 'प्रतिकारसंस्थेतील प्रक्रिया' ही व्यापक संज्ञा संरक्षणापासून स्वतंत्र झाली. याचा अर्थ असा की बाण जागेवर राहिला तरी त्याच्या टोकाखालची भूमी सरकू शकते. काल प्रामाणिक असलेला प्रतिशब्द आज दिशाभूल करू शकतो.

यावर एक सबळ आक्षेप येतो. प्रत्येक प्रथिनाची नोंद माणसाने वाचून लिहिणे केवळ अशक्य आहे; बाण नसतील तर बहुसंख्य प्रथिने मूक राहतील. शिवाय अशा रीतीने आलेल्या संज्ञेसोबत 'इलेक्ट्रॉनिक मार्गाने अनुमानित' असा निर्देश असतो, म्हणजे अनुवादकाने आपली मर्यादा सांगितलेली असते. आक्षेप ग्राह्य आहे, पण पुरेसा नाही. वाचणारा पुष्कळदा निर्देश वगळून संज्ञा तेवढी उचलतो. पुढे त्याच संज्ञा मोजून निष्कर्ष काढले जातात आणि अनुमानाला पुराव्याचा दर्जा मिळतो. मर्यादा सांगणे हे अनुवादकाचे कर्तव्य असेल, तर ती वाचणे हे वाचकाचे कर्तव्य आहे. उत्तरदायित्व असे विभागले जाते. ते नाहीसे होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रामाणिक सांगडीच्या किमान अटी तीन. बाण एकाच दिशेने वाचावा. तो समानतेचे चिन्ह नव्हे. संज्ञेचा अर्थ बदलला की बाणाची फेरतपासणी व्हावी. आणि जेथे प्रतिशब्द नाही तेथे जागा रिकामी ठेवण्याचे धैर्य असावे. ही तिसरी अट सर्वांत कठीण आहे, कारण रिकामी जागा अपयशासारखी दिसते.

'ॲलर्जन' हा सूचकशब्द या दृष्टीने मननीय आहे. बर्च वृक्षाच्या परागांतील एका प्रथिनाला तो लावलेला आहे. परंतु ॲलर्जी निर्माण करणे हे त्या वृक्षाच्या जीवनातील कार्य नव्हे. ते घडते परक्या देहात, आणि तेही सर्वांच्या देहात नव्हे. वाचकाच्या प्रतिसादातच ज्याचा अर्थ सिद्ध होतो अशा संहितेसारखे हे प्रथिन आहे. जीन ऑन्टॉलॉजी प्रथिनाचे स्वतःचे कार्य नोंदविते. रोग तिच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून या शब्दापुढे तेथील संज्ञा लिहिता येत नाही. लिहिली असती तर एका माणसाच्या शिंकेचे कर्तृत्व झाडाच्या नावावर जमा झाले असते.